ख्रिसमस पुडिंग: पातेल्यात सात तास की कुकरात दोन तास

बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या ओळखीच्या आंटी नोव्हेंबरच्या शेवटाला एका रविवारी सकाळी दहाला पातेलं गॅसवर चढवतात ते संध्याकाळी पाचला उतरवतात, आणि ते सात तास त्या घराबाहेर पाय टाकत नाहीत. कोण आलं तर दारातनंच बोलणं. आत ख्रिसमस पुडिंग असतंय. मी त्यांच्याकडंच शिकले, पहिली दोन वर्षं त्यांच्यासारखंच पातेल्यात केलं, खरं आमच्या टिळकवाडीतल्या घरात दोनच बर्नर, त्यातला एक सात तास अडवला की दुपारचं जेवण, सासूबाईंचा चहा, पोरांची मॅगी सगळं एका बर्नरवर रांगेत. म्हणून तिसऱ्या वर्षी कुकरात घातलं आणि तोंडावर पडले. त्यानंतर मात्र नीट समजून घेऊन केलं. आता सहा-सात वर्षं झाली, पातेलं, शिट्टीचा कुकर, लाईटवरचा कुकर सगळं करून झालंय, आणि दर डिसेंबरला कोणतरी विचारतंयच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझा निकाल आधीच सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. पुडिंगला दोनदा वाफ लागते. पहिली मोठी वाफ कुकरात. नाताळच्या दिवशीची गरम करायची वाफ पातेल्यात. लोक नेमकं उलटं करतात.

ज्यांनी कधी खाल्लंच नाही त्यांच्यासाठी, हा केक नव्हे. ओव्हन लागतच नाही. आपला खरवस किंवा कोकणातलं सांदण जसं वाफेवर होतंय तसंच हे, फरक एवढाच की यात पिठापेक्षा बेदाणे-मनुकाच जास्त, आणि वाफ तासन् तास. रंग काळपट तपकिरी, जड, ओलसर, मसाल्याचा वास. इंग्लंडात जुन्या काळी फडक्यात गोळा बांधून सरळ उकळत्या पाण्यात सोडायचे, त्यामुळं तोफेच्या गोळ्यासारखं गरगरीत दिसायचं. नंतर भांड्यात भरून वाफवायची पद्धत आली. गोऱ्यांची छावणी इथं होती म्हणून कॅम्पात हे राहिलं असणार, बाकी आंटींचं माहेर गोव्याचं, त्यांच्या घरी नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आधी आणि पुडिंग मागनं.

दिवस कुठला धरायचा? नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, आणि त्याच्याही आधीचा एक रविवार म्हणजे इंग्रजांचा स्टर-अप संडे. अँग्लिकन चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात त्या दिवशीच्या प्रार्थनेची सुरुवातच 'स्टर अप' म्हणजे ढवळ या शब्दांनी होते, आणि लोकांनी त्यावरनं पुडिंग ढवळायचा दिवस ठरवून टाकला. घरातल्या प्रत्येकानं एकदा पळी फिरवायची आणि मनात काहीतरी मागायचं. म्हणजे साधारण महिनाभर मुरायला मिळतोय. दोन आठवडे आधी केलं तरी चालतंय, मी केलंय. आदल्या दिवशी केलं तर खायला येतं खरं चव सुटी-सुटी लागते, मसाला वेगळा, फळ वेगळं.

साहित्य पटकन सांगते. सव्वा लिटरचा एक डबा भरेल, आठ जणांना पुरतंय, कारण हे जड असतंय, कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. काळ्या मनुका २०० ग्रॅम, बेदाणे १५० ग्रॅम, खजूर ५० ग्रॅम बारीक चिरून, संत्र्याच्या सालीचा मुरंबा किंवा नसली तर चांगली तुटीफ्रुटी ५० ग्रॅम. बेदाणे तासगावचे किंवा आपल्या अथणीकडचे घ्या, इथं त्याची काय कमी नाही. हे सगळं १०० मिली ब्रँडीत किंवा रममध्ये रात्रभर भिजवायचं. आमच्या घरात सासूबाईंची माळ आहे, त्यामुळं मी दोन डबे करते, त्यांच्यासाठीचा संत्र्याचा रस आणि कडक कोऱ्या चहात भिजवलेला, आणि खरं सांगायचं तर चहावाला काही कमी लागत नाही, फक्त तो टिकत नाही, फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचा. अंडं पण त्यांना नको असतंय, तिथं मी चार चमचे दही घालते, जरा भुसभुशीत होतंय, चालवून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी त्यात पावाचा चुरा ११० ग्रॅम (कालचा शिळा पाव, बेकरीतला साधा), मैदा ६० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, गूळ किसून १५० ग्रॅम, अंडी दोन, एक छोटं सफरचंद किसून, लिंबाची वरची पिवळी साल किसून, दालचिनी-जायफळ-लवंग-सुंठ सगळं मिळून दीड छोटा चमचा. तिकडं ट्रीकल म्हणून काळा घट्ट पाक घालतात, त्याच्या जागी मी काकवी घालते, दोन मोठे चमचे. आपल्या उसाच्या पट्ट्यात राहून ट्रीकलची बाटली ऑनलाईन मागवणं मला तरी पटत नाही. गुऱ्हाळाची काकवी ट्रीकलएवढी कडवट नसते, पण वास सुंदर.

आता चरबी. मूळ पद्धतीत सुएट म्हणजे गाय-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी, ती इथं नको आणि मिळणारही नाही. ती घालण्यामागं कारण आहे, ती लोण्यापेक्षा उशिरा वितळते, तोपर्यंत भोवतालचं पीठ धरलेलं असतं, मग ती वितळली की बारीक बारीक जागा सुटते आणि एवढं जड पुडिंग असून दगड होत नाही. आपण काय करायचं, तर ११० ग्रॅम लोणी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून दगडासारखं झालं की किसायचं आणि लगेच मैद्यात घोळवून मिश्रणात घालायचं. पातळ तूप ओतलं तर ते खाली बसतंय आणि पुडिंग तेलकट होतंय, हे मी पहिल्याच वर्षी करून बघितलंय.

डब्याचं बघा. पाश्चात्य लोक चिनी मातीचं खोलगट भांडं वापरतात, आपण स्टीलचा डबा घ्यायचा, जरा उभट आणि वरनं रुंद असला तर उलटा करून काढायला बरा. ॲल्युमिनियमचा कुकरचा डबा वाफवण्यापुरता चालेल खरं महिनाभर मुरवायला नको, फळं आंबट असतात, धातू खातात. डब्याला आतनं लोणी लावा, तळाला गोल कागद ठेवा, मिश्रण भरा, वर दोन बोटं जागा सोडा. ती जागा सोडली नाही तर पुडिंग फुगून झाकण ढकलतंय.

आणि झाकण हेच खरं काम आहे, वाफेचा प्रकार नंतर. एक बटर पेपर, त्यावर फॉइल, दोन्हीला मध्ये एक चुणी घालायची, साडीच्या निरीसारखी एकच, म्हणजे पुडिंग फुगलं की ती चुणी उघडते आणि कागद फाटत नाही. फॉइल थेट पुडिंगला लागू द्यायची नाही, फळांच्या आंबटपणानं तिला बारीक भोकं पडतात, म्हणून मध्ये कागद. मग काठाखाली सुताचा दोरा दोन वेढे घालून गच्च आवळा, आणि त्याच दोऱ्याची वरनं एक मूठ बांधा, पिशवीच्या बंदासारखी. ती मूठ नसली तर उकळत्या पाण्यातनं डबा कसा काढणार ते मला सांगा. प्लॅस्टिकचा दोरा नको, आणि रबर तर अजिबातच नको. खरवसावर ताटली झाकतो ना, पाणी पडू नये म्हणून, तेच कारण इथं पण, फक्त इथं सात तास पडणारं पाणी आहे.

आता मूळ मुद्दा, पातेलं.

पातेल्याच्या तळाला जाळी, कुकरचं स्टँड, काही नसेल तर एक बशी उलटी. त्यावर डबा. उकळतं पाणी डब्याच्या निम्म्यापर्यंत, त्याच्या वर नको, उकळताना उसळून कागदात शिरतंय. घट्ट झाकण, वर खलबत्ता ठेवला तर उत्तम. छोटा बर्नर, बारीकच्या जरा वर, पाणी बुडबुडत राहिलं पाहिजे एवढंच. दर ४० मिनिटांनी बघायचं आणि कमी झालेलं पाणी किटलीतलं उकळतंच घालायचं. गार पाणी घातलं की वाफ बसते आणि परत यायला दहा मिनिटं, सात तासांत असं आठ-दहा वेळा केलं तर जवळजवळ दीड तास फुकट.

आंटी पाण्यात एक रुपयाचं नाणं टाकतात. पाणी उकळत असेपर्यंत ते तळाला खडखड करतंय, आवाज थांबला की पाणी संपत आलं. इंग्रज पुडिंगच्या आत चांदीचं नाणं घालायचे, ज्याच्या वाट्याला येईल तो नशीबवान. आपलं नाणं बाहेर, आणि माझ्या मते जास्त उपयोगाचं, दात पण शाबूत राहतात.

सात तास कशाला असं मी पण विचारलं होतं. दोन-अडीच तासांत ते शिजलेलं असतंय, काडी घातली की स्वच्छ येते. उरलेले चार-पाच तास शिजवण्याचे नसतात, रंगाचे असतात. साखर, अंडं, मैदा हे वाफेच्या मंद उष्णतेत हळूहळू काळवंडत जातंय, भाकरीला डाग पडायला तव्यावर काही सेकंद लागतात तेच काम इथं १०० अंशाच्या आत होतंय म्हणून तास लागतात. आणि आपल्या बेळगावात ते १०० पण नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहोत, इथं पाणी साडेसत्त्याण्णवलाच उकळतंय. दोन-अडीच अंशानं काय होतंय असं वाटेल, खरं आंटींची बहीण मडगावात त्याच मापाचं पुडिंग सहा तासांत करते आणि आंटींना तोच रंग यायला सात तास लागतात, दोघींचं त्यावरनं दरवर्षी फोनवर भांडण. आंटी म्हणतात तिचा गॅस मोठा असतो. गॅस मोठा केला म्हणून उकळतं पाणी जास्त गरम होत नाही, नुसतं लवकर संपतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही.

इथंच कुकर कामाला येतो. शिट्टी बसवली की आत दाब चढतो आणि आपल्या उंचीवर पण आतलं तापमान ११९च्या आसपास जातंय. वीस अंश जास्त म्हणजे रंगाचं काम कितीतरी पट वेगानं. सात तासांचा रंग दोन तासांत येतोय, उलट जरा जास्तच गडद येतोय.

खरं दोन गोष्टी चुकल्या की संपलं, आणि मी दोन्ही चुकवल्यात.

पहिली म्हणजे पाणी. मी भातासारखं दोन ग्लास पाणी घातलं आणि दोन तास बारीक गॅसवर सोडून खडेबाजारात गेले. कुकर दर थोड्या वेळानं शूं करून वाफ सोडतच असतो, बारीक गॅसवर पण, आणि दोन तासांत ते पाणी संपलं. परत आले तर वॉल्व्ह उडालेला, घरभर रबर आणि गूळ जळाल्याचा वास, सासूबाई गॅलरीत पदर नाकाला लावून बसलेल्या. पुडिंग खालनं कोळसा. तेव्हापासून माझा नियम असा की पाच लिटरच्या कुकरात सव्वा लिटर पाणी, म्हणजे डब्याच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत येतंय, आणि दोन तास सलग कधीच नाही. एक तास झाला की गॅस बंद, दाब आपोआप उतरू द्यायचा, झाकण उघडून बघायचं, कमी झालं असेल तेवढं उकळतं पाणी घालायचं, परत झाकण, परत शिट्टी, परत एक तास. यात वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात, जाऊंदेत. आणि कुकर लावून घराबाहेर जायचं नाही, ते आंटींचं बरोबरच होतं.

दुसरी चूक लोकांना कळतच नाही. पहिल्या मिनिटापासनं शिट्टी लावायची नाही. मिश्रणात बेकिंग पावडर आहे, अंडं आहे, ते फुगायला मोकळीक लागते. एकदम दाबाखाली ठेवलं तर ते फुगायच्या आधीच दाबून धरलं जातंय आणि तसंच शिजून घट्ट होतंय. माझ्या त्या वर्षीच्या पुडिंगला आंटींनी सुरी लावली, एक तुकडा तोंडात टाकला, जरा वेळ चघळला आणि म्हणाल्या, "बाय, चव बरी आहे, भिंतीला लाव." म्हणून पहिली २५ मिनिटं शिट्टी न लावता, नुसतं झाकण, इडलीला करतो तसं. वाफ नळीतनं सुसाट यायला लागली की तिथनं २५ मिनिटं मोजायची, गॅस मध्यम. मग शिट्टी बसवायची, गॅस मोठा, पहिली शिट्टी झाली की एकदम बारीक, आणि तिथनं तास मोजायचा. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. आमच्याकडं सगळे पदार्थ शिट्ट्यांत सांगायची सवय आहे, तीन शिट्ट्या डाळ, पाच शिट्ट्या छोले, खरं पुडिंगला शिट्ट्यांचा हिशेब लागत नाही, एकाचा कुकर तासाला चार देतो दुसऱ्याचा चाळीस.

अजून एक, शेवटाला घाई म्हणून शिट्टी उचलून वाफ काढायची नाही. दाब एकदम पडला की आतलं ओलसर पुडिंग एकदम उकळून वर येतंय, कागद फाटतोय, मध्ये खड्डा पडतोय. आपोआप उतरू दे. पाण्यात लिंबाची फोड टाका, नाहीतर ॲल्युमिनियमचा कुकर आतनं काळा होतोय. आणि सगळं करायच्या आधी रिकामा डबा दोऱ्यासकट कुकरात ठेवून झाकण लागतंय का ते बघून घ्या, आत फिरवून बसवायचं झाकण असलेल्या कुकरात उंच डबा अडतो, मिश्रण भरल्यावर कळून उपयोग नाही.

गॅसचा हिशेब पण मी केलाय, आमचे हे हसतात त्याला. बॅगा मोजायचा लटकता काटा असतो ना, त्याला सिलेंडर अडकवून आधी आणि नंतर. पातेल्याच्या सात तासांना ४०० ग्रॅमच्या वर गेला, कुकरला सगळं धरून २०० ग्रॅमच्या आत. १४.२ किलोच्या सिलेंडरात हा काही फार मोठा फरक नव्हे, एका पुडिंगसाठी कोणी कुकर घेऊ नये. चार-पाच पुडिंगांची ऑर्डर असली तर मात्र वेळेचा फरक जबरदस्त, पातेल्यात दिवसाला एकच होतं, कुकरात सकाळपासनं तीन काढते मी.

लाईटवरचा कुकर, ते बटणांचं सात-कामं-एकात भांडं, माझ्या नणंदेकडं निपाणीला आहे, तिच्याकडं जाऊन करून बघितलं. चांगला आहे, सगळ्यात निवांत तोच. वाफेची कळ उघडी ठेवून स्टीमवर २५ मिनिटं, मग कळ बंद करून हाय प्रेशरवर. याचा दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा जरा कमी असतोय, म्हणून दोनच्या जागी सव्वादोन-अडीच तास धरा. याचा फायदा म्हणजे दाब चढल्यावर तो वाफ बाहेर सोडतच नाही म्हटलं तरी चालेल, पाणी लीटरभर घातलं की पुरतंय, मध्ये उघडायला नको. एक गोम आहे, कळ उघडी असताना काही मशिनांचा टायमर सुरूच होत नाही, ते दाब चढायची वाट बघत बसतंय, म्हणून पहिली २५ मिनिटं आपल्या मोबाईलवर लावा. आणि लाईट. आम्ही करालो होतो त्या दिवशी दुपारी लाईट गेली ती पाऊण तासानं आली, मशीन आल्यावर नुसतं बघत उभं, परत बटण दाबावं लागलं. पुडिंगला काही झालं नाही, आत गरमच होतं, तेवढा वेळ पुढं वाढवला.

भाताचा साधा इलेक्ट्रिक कुकर आहे त्याचं पण कोणतरी विचारतंय. त्यात आतल्या चकतीला तळ तापल्याचं कळलं की बटण टक करून वर जातंय, आणि तळ तापतो पाणी संपल्यावरच. म्हणजे पाणी आहे तोपर्यंत तो उकळत राहणार. पातेल्यासारखंच काम, दाब नाही, म्हणून तास पण सातच, फक्त पाणी संपलं तर जळायच्या आधी स्वतः बंद होतोय ही सोय. एकटं राहणाऱ्या पोरापोरींना हॉस्टेलात बरा. तीन मजली प्लॅस्टिकचे स्टीमर असतात त्यात डबा बसला तर करा, खरं त्याची टाकी छोटी आणि टायमर बहुतेक तासाचा, म्हणजे तासातासाला उठणं आलंच, मग पातेलं काय वाईट. इंडक्शनवर करणार असाल तर शेगडी काही वेळानं आपोआप बंद होते का ते आधी बघा, काही दोन तासांनी बंद पडतात आणि आपण आत झोपलेलो असतो. मोदकपात्र मी सुचवत नाही, खाली पाणी फार थोडं मावतं.

चवीत फरक पडतो का? पडतो, थोडा. पातेल्यातलं मोकळं, कण सुटा, रंग तपकिरी. कुकरातलं जास्त काळं, जास्त एकजीव, काकवीचा वास पुढं येतोय. एका नाताळला मी आंटींच्या घरी दोन्ही ठेवली, न सांगता, सहा जणांत चौघांनी कुकरातलं उचललं, आंटींनी स्वतःचंच उचललं आणि म्हणाल्या "हे बघ, कळतं ना". कळतं. म्हणून त्यांच्यासाठी मी अजून पातेल्यातलंच करून नेते.

वाफ झाली की डबा बाहेर काढून पूर्ण गार होऊ दे, रात्रभर. मग ओला झालेला कागद-फॉइल फेकून द्यायचं, हे लोक करत नाहीत आणि मग बुरशी आली म्हणून ओरडतात. वर दोन चमचे ब्रँडी शिंपडून नवा कोरडा कागद, नवी फॉइल, परत दोरा. आपल्याकडं डिसेंबरात थंडी चांगली असते, अंधाऱ्या कपाटात बाहेर राहतंय, मी दर आठवड्याला काडीनं भोकं पाडून चमचाभर ब्रँडी पाजते. मुंग्यांचं बघा, गूळ आहे आत, डबा पाण्याच्या ताटलीत वाटी उपडी घालून त्यावर ठेवायचा. ज्या वर्षी थंडी पडली नाही त्या वर्षी सरळ फ्रिजमध्ये.

नाताळच्या दिवशी परत वाफ लागते, गार पुडिंग कोणी खाऊ नये. पातेल्यात दोन तास, कुकरात शिट्टी लावून अर्धा तास. इथं मी पातेलं का म्हणते, तर त्या दिवशी कुकर मटणाला लागतो, ते एक, आणि दुसरं म्हणजे पाहुणे. जेवण कधी उरकेल सांगता येत नाही, चर्चमधनं यायला उशीर, मग गप्पा, मग कोणतरी अजून येतंय. पातेल्यात पुडिंग बारीक गॅसवर दोनाचे तीन तास बसलं तरी त्याचं काही बिघडत नाही, पाणी तेवढं बघायचं. कुकर उघडला की उघडला, लगेच वाढावं लागतंय. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं घालू नका, साखर आणि दारू दोन्ही पटकन तापतात, बाहेर गार आणि मध्ये जळालेलं असं होतंय. एकेक तुकडा मिनिटभर ठीक. फॉइल काढून, हे सांगायला नको. आणि आत नाणं घातलं असेल तर ते पण.

ताटावर उलटं करायचं, कडेनं सुरी फिरवून. पेटवायची हौस असेल तर छोट्या पळीत तीन चमचे ब्रँडी, पळी गॅसवर धरून कोमट करायची, उकळायची नाही, लायटरनं पळीतच पेटवून पुडिंगवर ओतायची, लाईट बंद. आपल्याकडची ब्रँडी ४२.८ टक्क्यांची असते, कोमट केली की नीट पेटते, गार असेल तर नुसती काडी विझवते. बाटलीतनं थेट ओतायची नाही, ज्वाळा धारेवरनं बाटलीत चढते. पदर, ओढणी, पडदे लांब. निळी ज्वाळा अर्धा मिनिट राहते आणि मग सगळे फोन काढेपर्यंत विझलेली असते.

सोबत ब्रँडी-लोणी-पिठीसाखर फेटून ठेवतात तिकडं, मी साय फेटून देते, साधी, कमी गोड. सासूबाईंच्या चहावाल्या डब्याबरोबर त्या आपला कुंदा घेतात, दोन्ही गोड, काय बोलायचं त्यांना.

उरलं तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीचे तुकडे करून तव्यावर चमचाभर तुपात दोन्हीकडनं खरपूस भाजायचे. कडेची साखर कुरकुरीत होते, आत मऊ. आमच्या घरी पोरं नाताळच्या दिवशी पुडिंगला हात लावत नाहीत आणि २६ तारखेला तव्याभोवती उभी असतात, म्हणून मी मुद्दाम चार तुकडे आधीच कापून लपवून ठेवते.